दत्तक कोणासाठी? कुर्ला तालुक्यातून दिसणारा इतिहास

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांपैकी कुर्ला तालुक्याचा शहरातल्या निराधार मुलांशी फार जुना संबंध आहे. मानखुर्दची बालगृहे याच तालुक्यात आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1954 पासून देवनारला आहे, आणि 1996 मध्ये 1098 क्रमांकाची चाइल्डलाइन सुरू झाली ती याच संस्थेचा उपक्रम म्हणून. टाकून दिलेली बाळे सांभाळून दत्तक देणारा वात्सल्य ट्रस्ट कांजुरमार्गला आहे. घरचा मार चुकवून पळालेली मुले लांब पल्ल्याच्या गाड्यांतून ज्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरतात, ते तर खुद्द कुर्ल्यातच. एवढे सारे एका तालुक्यात असूनही मार खाल्लेल्या मुलाला नवे आईबाप मिळणे फार उशिरा सुरू झाले, आणि आजही ते थोड्यांच्याच वाट्याला येते. याचे खापर सहसा समाजाच्या कोत्या मनावर फोडले जाते. ते पूर्ण चुकीचे नाही, पण त्याने निम्मेच उत्तर मिळते. उरलेले उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. मुलाला वाचवण्याची व्यवस्था आणि मुलाला घर देण्याची व्यवस्था आपल्याकडे दोन वेगळ्या हेतूंनी उभ्या राहिल्या आणि कित्येक दशके त्यांची एकमेकींशी गाठच पडली नाही.

दत्तकविधान हा महाराष्ट्रात फार मुरलेला संस्कार. पण तो होता वंशासाठी, पिंडदानासाठी आणि वतनासाठी. 1848 मध्ये साताऱ्याचे आणि 1854 मध्ये झाशीचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले, तेव्हा वाद गादीच्या वारसाचा होता; त्या मुलांच्या पालनपोषणाची चिंता कोणालाच नव्हती. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’ला मानणाऱ्या मुंबई इलाख्यात तर लग्न झालेला, पदरी मुले असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत होता. अशा माणसाला माया लावणारी आई नको होती. घराण्याला नाव चालवणारा हवा होता. याहून महत्त्वाचा नियम म्हणजे मूल देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्यांना होता. ज्याचे आईबाप मेले, त्याला देणारेच कोणी उरत नसे. म्हणजे घराची सर्वांत जास्त गरज असलेले पोरके मूल शास्त्राप्रमाणे दत्तक जाऊच शकत नव्हते. जुन्या दत्तकात प्रेम नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मांडीवर घेतलेल्या मुलावर जीव ओवाळून टाकणाऱ्या आया याच समाजात होऊन गेल्या. पण ते प्रेम मूल घरात आल्यावर जडत असे. कोणते मूल आणायचे, हे गोत्र, जात आणि लिंग ठरवत. मुलगी तर विचारातही नसे.

हा क्रम पहिल्यांदा उलटा केला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. 1863 मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, एवढाच हेतू होता. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा, यशवंत, त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. परजातीचा, बापाचे नाव नसलेला, ज्याचे जगणेच समाजाला नको होते असा. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे पुढे न्यायचे अग्नीचे मडके, यशवंताने धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. या प्रसंगाकडे स्त्रीच्या धैर्याची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ती आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. भाऊबंदांच्या लेखी दत्तकाचा अर्थ अजून रक्त आणि हक्क एवढाच होता. फुले दांपत्याने मात्र आधी मूल वाचवले आणि मग त्याला मुलगा केले. मारले गेले असते असे लेकरू वाचवणाऱ्यांच्याच घरात वाढून डॉक्टर झाले. हे उदाहरण डोळ्यांसमोर असतानाही कायदा त्या वाटेला यायला आणखी सुमारे नव्वद वर्षे लागली.

मधल्या काळात मुंबईने वेगळा मार्ग धरला. 1924 च्या मुंबई मुलांच्या कायद्याने निराधार मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्याच 1924 मध्ये कुर्ला–चेंबूर मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. 1906 पासून त्या रुळांवरून शहराचा कचरा जात असे. शहराला डोळ्यांसमोर नको असलेले पुष्कळ काही या दिशेने आले, आणि डोंगरीच्या रिमांड होमनंतर मुलांची मोठी वसतिस्थानेही इकडेच मानखुर्दला उभी राहिली. तिथे काम करणाऱ्यांची कळकळ कमी लेखू नये. उपाशी, मारलेल्या पोराला छप्पर, जेवण आणि शाळा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या व्यवस्थेच्या कल्पनेत मूल मोठे होऊन बाहेर पडेपर्यंत संस्थेतच राहणार होते. शेकडो मुलांत एकाच्या तापाला रात्री उशाशी बसणारे कोणी असावे, याची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती.

हे दोन रस्ते पहिल्यांदा जुळले ते 1962 मध्ये. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले, आणि 1962 च्या दुरुस्तीने टाकून दिलेले किंवा आईबाप अज्ञात असलेले मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाला, म्हणजे संस्थेलाही, दत्तक देता येऊ लागले. पण कुर्ल्यासारख्या वस्तीत हा अर्धाच दरवाजा होता. इथल्या जुन्या ईस्ट इंडियन गावठाणातल्या ख्रिस्ती कुटुंबांना आणि मोठ्या संख्येने राहणाऱ्या मुसलमान कुटुंबांना 1890 च्या पालकत्व कायद्याखेरीज मार्ग नव्हता. त्याने मूल ‘पाल्य’ होई, मुलगा-मुलगी नव्हे, आणि अठराव्या वर्षी ते नातेही कायद्यापुरते संपे. 2000 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निकाल देताना टाकलेल्या मुलाला घर मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. वैयक्तिक कायदा मानायचा की हा, हे ज्याने त्याने ठरवावे. आधी ‘मला मूल घेता येईल का’ असा प्रश्न विचारला जाई. आता ‘या मुलाला घर मिळेल का’ हा प्रश्न न्यायालयात पुढे आला.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. गरिबाची मुले श्रीमंताच्या घरी पोचवण्याचे हे साधन होईल, झोपडीतली टंचाई म्हणजेच छळ असे ठरवून पोर हिसकावले जाईल, असे पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात. परदेशी दत्तकांतल्या गैरप्रकारांमुळेच 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला नियम घालून द्यावे लागले, तेव्हा ही भीती पोकळ नाही. म्हणूनच कायदा आधी मुलाला स्वतःच्या घरी परत नेता येते का, हे पाहायला सांगतो, आणि ते योग्यच आहे. गरिबी हा छळ नव्हे. पण हा आक्षेप पुढे ताणला की वेगळाच अन्याय होतो. ज्या मुलाला सख्ख्या बापाने किंवा सावत्र आईने चटके दिले, त्याचे आईबाप जिवंत असतात, म्हणून ते ‘अनाथ’ ठरत नाही. कोणी त्याला टाकलेले नसते, म्हणून ‘परित्यक्त’ही ठरत नाही. घरी पाठवता येत नाही आणि दुसऱ्या घरी देता येत नाही, असे मूल संस्थेत वर्षे काढते. भेटायला कोणी न येणाऱ्या आणि पालक अयोग्य ठरलेल्या मुलांनाही दत्तक देता यावे, अशी तरतूद अलीकडे नियमांत झाली. ती आणखी वीस वर्षे आधी व्हायला हवी होती.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: मार खाल्लेले आठ-दहा वर्षांचे मूल नव्या घरात रुजत नाही. देशात 30 हजारांहून जास्त कुटुंबे मुलाची वाट पाहत थांबलेली असतात, पण बहुतेकांना तान्हे बाळ हवे असते, त्यामागे हीच समजूत आहे. मोठ्या मुलाला वेळ लागतो, ते रात्री दचकून उठते, खाणे लपवून ठेवते, परीक्षा पाहिल्यासारखे वागते, हे खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष लोक चुकीचा काढतात. अशा मुलाला विश्वास बसायला एकच माणूस रोज, तोच, समोर लागतो, आणि पाळ्यांमध्ये बदलणारे कर्मचारी ते देऊ शकत नाहीत. संस्थेतले प्रत्येक वर्ष ही अडचण वाढवते. म्हणून 2024 च्या प्रतिपालन मार्गदर्शक तत्त्वांतला बदल मला फार मोलाचा वाटतो: मूल तात्पुरते सांभाळणाऱ्या प्रतिपालक कुटुंबाला ते दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, आता दोन. आधी एकमेकांना ओळखायचे, मग नाते कायम करायचे, ही मोठ्या मुलासाठी सर्वांत रास्त रीत आहे. पाच वर्षांवरच्या मुलाची दत्तकाला संमती घेणेही आता बंधनकारक आहे. मयूखाच्या काळी देणारा आणि घेणारा दोघेच बोलत असत. उपनगराच्या बाल कल्याण समितीपुढे बसलेल्या मुलीला आज कोणीतरी विचारायला हवे की तुला या लोकांकडे जायचे आहे का, आणि तिने नाही म्हटले तर तेवढ्यावर थांबायला हवे.