जेऊरची दोन मिनिटे

सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी व केम मागे टाकून करमाळा तालुक्यातील जेऊर स्थानकात येते. चार माणसे उतरतात, चार चढतात आणि गाडी पुढे निघते. याच जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी परदेशचे आणि आपल्याकडचे विद्वान आकाशाकडे डोळे लावून उभे होते, हे आज किती प्रवाशांना ठाऊक असेल?

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची छाया कोकणातून देशावर आली, जेऊरवरून वऱ्हाडात व तेथून बिहारकडे सरकली. मुंबई-पुण्याकडे प्लेगचे थैमान चालू होते. तरीही अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरला आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेथेच तळ दिला. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटनमधील हौशी खगोलप्रेमींच्या संघटनेची तुकडी होती. विवाहामुळे ग्रीनिच वेधशाळेची नोकरी सुटलेल्या अ‍ॅनी माँडर यांनी तेथे सूर्यकिरीटाचा दूरवर पसरलेला झोत छायाचित्रात टिपला. बिहारमधील डुमराव येथे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर द कॅम्पिन्यूल वेध घेत होते.

जेऊरला काळोख जेमतेम दोन मिनिटे टिकला. तेवढ्या अवधीत कॅम्बेल यांना किरीटाच्या प्रकाशातील एक हिरवी रेषा पकडायची होती. प्रकाशाचे रंग लोलकातून वेगळे केले की वर्णपट मिळतो व त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा दिसतात. गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढतो, दूर जाताना उतरतो. त्याचप्रमाणे प्रकाशाचा उगम जवळ येत असेल तर रेषा निळ्या बाजूस सरकतात आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूस. या सरकण्यावरून किरीट कसा फिरतो ते शोधावे, असा कॅम्बेल यांचा बेत होता. त्या फिरण्याचा नियम हाती लागला नाही. मात्र रेषेची खरी जागा सापडली. ती लोखंडाच्या ओळखीच्या रेषेशी जुळते असे पूर्वी वाटत असे. ती जुळत नाही, हे या ग्रहणात स्पष्ट झाले.

मग ही रेषा कोणाची? सूर्यावर ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य असल्याची समजूत कित्येक वर्षे टिकून राहिली. उत्तर मिळण्यास सुमारे चार दशके लागली. ग्रोट्रियन व एडलेन यांच्या संशोधनातून १९४० च्या सुमारास उलगडा झाला, की ती रेषा लोखंडाचीच आहे; मात्र प्रचंड उष्णतेने १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. ओळखीचाच माणूस, पण वेगळ्या वेशात!

पुढे क्वासारांच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा आला. १९६२ साली चंद्र एका रेडिओ उगमाच्या आड गेला. त्या पिधानावरून ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने उगमाची अचूक जागा ठरवली. तेथे ताऱ्यासारखा एक ठिपका होता आणि त्याच्या वर्णरेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांच्या ध्यानात आले, की त्या साध्या हायड्रोजनच्याच रेषा असून सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूस सरकल्या आहेत. हाच ‘थ्रीसी २७३’ क्वासार. त्याचा प्रकाश दोनशे कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. कन्या राशीतील हा ठिपका काळोख्या रात्री आठ इंची दुर्बिणीतून हौशी निरीक्षकालाही सापडू शकतो.

रेषांच्या या तांबडेपणाचा अर्थ विश्वाच्या प्रसरणात आहे, हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केले. प्रसरणाचा हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. क्वासारांबाबत मात्र शंका घेणारेही होते. हॉल्टन आर्प यांना कमी सरकलेल्या दीर्घिकांच्या शेजारी फार सरकलेले क्वासार दिसले. आपल्या कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. हे शेजार केवळ आपल्या दृष्टिरेषेचे आहे, असे बहुसंख्यांचे मत आहे. पुष्कळ क्वासार दूरच्या दीर्घिकांच्या मध्यभागी आहेत, हेही वेधांतून दिसून आले आहे. तरीसुद्धा बहुमतापुढे शंका विचारण्याचे धैर्य नारळीकरांनी दाखवले, त्याचे मोल कमी होत नाही.

लमेत्र यांच्या सिद्धान्तात धर्मग्रंथातील निर्मितीचा पुरावा शोधण्याचा मोह अनेकांना झाला. स्वतः लमेत्र मात्र तो सिद्धान्त धार्मिक प्रश्नांपासून वेगळा ठेवावा, असेच सांगत राहिले. वाचकहो, हा संयम मला फार शिकवून जातो. न कळलेल्या रेषेला घाईने नवे नाव देणे सोपे असते; आपल्या श्रद्धेच्या सोयीसाठी पुरावा वाकवणे त्याहूनही सोपे असते. हिरवी रेषा कोणाची हे कळण्यासाठी माणसांना चार दशके थांबावे लागले.

आपल्या घरातील मुले आकाशाविषयी अवघड प्रश्न विचारू लागली, तर त्यांना गप्प करू नका. पुण्याला जाताना जेऊर आले, की खिडकीतून ते स्थानक त्यांना अवश्य दाखवा.