माईक टेस्टिंग, वन टू थ्री...

ऑफिसमधला एक मित्र इथे बे एरियात त्यांच्या चर्चच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. मध्यंतरी त्यांचा नेहमीचा मिक्सरवाला सुट्टीवर गेला आणि "तू इंजिनिअर आहेस ना, जमेल तुला" या तर्काने मला तिथे बसवण्यात आलं. (सॉफ्टवेअरवाल्याला गीझरही दुरुस्त करता येतो असा लोकांचा समज असतो, त्यातलाच प्रकार.) हातात अर्धा तास. त्यातली वीस मिनिटं मी ड्रम्सपायी घालवली. गाणारी मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, "मला माझाच आवाज येत नाहीये," तोवर लोक आत येऊन बसले होते. पहिल्याच गाण्याला जी शिट्टी वाजली... असो.

घरी येऊन सवयीप्रमाणे इतिहास वाचत बसलो. जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ म्हणजे कधीतरी निस्तरलेला बग असतो ना? साउंडचेकचंही तसंच आहे. एकेका पायरीमागचं कारण कुणाच्या तरी जुन्या फजितीत सापडतं.

पहिली फजिती १८९५ सालची, हार्वर्ड विद्यापीठातली. तिथल्या नव्या लेक्चर हॉलमध्ये एक शब्द उच्चारला की तो साधारण साडेपाच सेकंद घुमत राही. तरुण प्राध्यापक वॉलेस सेबाइन यांच्याकडे हे काम आलं. शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, घुमणं मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या! त्यातून नियम निघाला: हॉल जितका मोठा तितकं घुमणं जास्त, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकं ते कमी. माणसं आणि त्यांचे कपडेही आवाज शोषतात. म्हणजे साउंडचेकच्या वेळचं रिकामं चर्च आणि तासाभराने भरलेलं चर्च, या दोन वेगळ्या खोल्या समजायच्या. रिकाम्या हॉलमधल्या घुमण्याशी मारामारी करत बसू नये.

दुसरी फजिती १५ ऑगस्ट १९६५ ची. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स, समोर ५५ हजारांवर लोक, आणि गाण्याचा आवाज स्टेडियमच्या घोषणांच्या स्पीकरमधून! कलाकारांकडे तोंड केलेले मॉनिटर नव्हतेच. किंकाळ्यांमध्ये त्यांना एकमेकांचं वाजवणं ऐकू येईना. ड्रमर रिंगो तर बाकीच्यांच्या हालचाली बघून गाणं कुठे पोचलंय ते ओळखायचा. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, आमच्या इथल्या सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा जाहीर तिकिटाचा कार्यक्रम केला आणि दौरे बंद केले. हे वाचताना ती तीनदा सांगणारी मुलगी आठवली, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

तिसरा प्रसंग २३ मार्च १९७४ चा, सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीतला. ग्रेटफुल डेड या बँडने मॉनिटरची भानगडच नको म्हणून सगळे स्पीकर आपल्या पाठीमागे भिंतीसारखे रचले. पण मग स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि शिट्टी! यावर त्यांनी प्रत्येक गायकाला उलट जोडलेले दोन माईक दिले. गायचं एकातच. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरे आणि एकमेकांना खोडून काढी. डोकेबाज! पण ती सुमारे ७५ टनांची भिंत गावोगावी नेणं परवडेना. त्याच ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली.

पुढच्या रविवारी मी क्रम बदलला. बँड यायच्या आधी सगळ्या वायर तपासल्या. मग प्रत्येकाला प्रार्थनेत वाजवणार तितक्याच जोरात वाजवायला सांगून पातळी लावली, ड्रम्सना फक्त पाच मिनिटं. त्यानंतर मॉनिटर, आणि त्यात आधी गाणाऱ्यांचा आवाज. कुणी "माझा वाढव" म्हटलं की आधी दुसऱ्याचं काही कमी करता येतंय का ते पाहिलं, कारण सगळंच वाढवलं की शिट्टी ठरलेली. शेवटी एक जोरकस गाणं, एक शांत, आणि डिजिटल मिक्सरवर सेटिंग सेव्ह. (सेव्ह करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.)

चोवीस मिनिटं लागली. उरलेली सहा मिनिटं बँड शांतपणे बसून होता. त्या मुलीने लांबूनच अंगठा वर करून दाखवला. ऑफिसात रिलीज सुरळीत गेलं तरी इतकं बरं वाटत नाही!