किंग्ज इंडियन बचाव : नवशिक्याच्या हाती काळी मोहरी

बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची असते. काळी मोहरी वाट्याला आलेल्या खेळाडूस आरंभापासून उत्तर देत खेळावे लागते. म्हणून एखादा बचाव पाठ करून ठेवण्याचा मोह नवशिक्यास होतो. बऱ्हाणपूर असो वा पणजी, या मोहाला किंग्ज इंडियन बचाव फार सोयीचा वाटतो. घोडा एफ६वर, प्यादे जी६वर, उंट जी७वर, प्यादे डी६वर आणि मग किल्लेकोट, एवढे ध्यानात ठेवले की मांडणी झाली.

नावातील ‘इंडियन’ हा शब्द शोभेपुरता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महेशचंद्र बॅनर्जी यांनी कलकत्त्यात बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्याशी अनेक डाव खेळले आणि त्यांत ही मांडणी दिसते. देशी नियमांत प्याद्याला आरंभी दोन घरे चालण्याची मुभा सहसा नसे. सावकाश मांडणीची आणि उंट बाजूने काढण्याची सवय त्यातूनच आली, असे मानले जाते.

या बचावात काळा पटाचा मध्यभाग आपण होऊन पांढऱ्यास देतो. तो पुढे फोडता आला नाही, तर कोंडमारा ठरलेला. खेळ्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पांढऱ्याची डी४, सी४ आणि ई४ ही प्यादी उभी असताना डी६ न खेळता किल्लेकोट केला, तर ई५ या खेळीने एफ६वरील घोडा हाकलला जातो. मुरलेले खेळाडू ते चालवून घेतात; नवशिक्याने आधी डी६ खेळणे बरे.

खरा प्रहार सहाव्या खेळीत, ई५ने होतो. पांढऱ्याचा घोडा एफ३वर व उंट ई२वर असताना हे प्यादे फुकट गेल्यासारखे दिसते आणि इथेच बहुतेकांचा हात अडखळतो. पण पांढऱ्याने प्यादे मारले, काळ्याने डी६च्या प्याद्याने परत मारले, वजिरांची मारामारी झाली आणि पांढऱ्या घोड्याने ई५चे प्यादे टिपले, तर काळ्याचा घोडा ई४चे प्यादे मारतो. घोडा हलताच जी७वरील उंटाचा कर्ण मोकळा होतो. पांढऱ्याने तो घोडा मारला की उंट ई५वरचा घोडा मारतो आणि हिशेब बरोबरीत येतो.

मारामारी टाळून पांढऱ्याने डी५ खेळल्यास मध्यभाग बंद होतो. मग पांढरा सी५च्या दिशेने वजिराच्या बाजूस सरकतो, तर काळा एफ५ खेळून राजावर चालून जातो. बॉबी फिशर आणि गॅरी कास्पारोव्ह यांना हा बचाव प्रिय होता तो अशा झुंजींसाठी.

पांढऱ्याने पहिलीच खेळी ई४ केली, तर मात्र लगेच घोडा काढू नये. ई५ने तो तत्काळ हाकलला जातो आणि डाव ॲलेखाइन बचावाच्या वेगळ्या वाटेला लागतो. आधी डी६, मग घोडा, मग जी६ असा क्रम ठेवल्यास पिर्क बचाव होतो. मांडणी ओळखीची, पण पांढऱ्याचे सी४ प्यादे तेथे सहसा नसते. म्हणून पुढचे बेतही निराळे शिकावे लागतात.