मुलूच्या गुहा नक्की कुणी शोधल्या?

गुनुंग मुलूला पोचायला धड रस्ता नाही. मिरी नावाच्या गावातून छोटं विमान पकडायचं, अर्ध्या तासात जंगलातल्या धावपट्टीवर उतरायचं. खाली नुसती हिरवी गच्च झाडी आणि तिच्यातून वळवळत जाणाऱ्या चहाच्या रंगाच्या नद्या. हे बोर्निओ बेट, मलेशियाचं सारावाक राज्य. मी सिंगापूरला एका कंपनीत कोड लिहितो. पाच दिवसांची सुट्टी जमवून मी आणि माझा एक मित्र इथे आलो होतो. दोघेही नाशिकचे, दोघेही हरिश्चंद्रगड-रतनगड करून पाय मजबूत आहेत असा गैरसमज असलेले.

विमानात मी फोनवर मुलूचा इतिहास वाचत होतो. अमक्या साली अमक्याने ही गुहा शोधली, तमक्या साली तमक्याने ती. सगळी नावं इंग्रजी. पहिल्या दिवशी डियर केव्हच्या तोंडाशी उभे असताना मी आमच्या गाइडला विचारलं, "अंकल, ही गुहा पहिल्यांदा कुणी शोधली?" पन्नाशीचा, बेरावान जमातीचा माणूस. तो हसला आणि म्हणाला, "नावातच आहे की. हरणांनी."

गंमत सोडा, पण उत्तर खरं आहे. इथल्या खडकातले क्षार चाटायला हरणं येत, म्हणून तिला हरणांची गुहा म्हणतात. हरणांमागून शिकारी येत. मलय भाषेत गुहेला 'गुआ' म्हणतात, तो आपला संस्कृत 'गुहा'च. म्हणजे शब्दसुद्धा कुठल्याही ब्रिटिश साहेबाच्या शेकडो वर्षं आधी इथे येऊन बसलेला.

तो प्रश्न मग पाचही दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. हा लेख त्याच प्रश्नाचा आहे.

आधी या गुहा झाल्या कशा ते थोडक्यात. आपला सह्याद्री लाव्हारसाचा. बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक प्रसिद्ध गुहा माणसांनी छिन्नीने खोदलेली लेणी आहेत. मुलूत मात्र दोन वेगळे डोंगर शेजारी शेजारी आहेत. गुनुंग मुलू, २,३७६ मीटर उंच, वालुकाश्माचा. त्याच्या पश्चिमेला गुनुंग आपी आणि बेनारात, चुनखडकाचे. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्यावर एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, इथे तो वर्षभर चालू असतो. हे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि चुनखडकाला विरघळवत जातं. जमीन हळूहळू वर उचलली गेली, नद्या खाली कापत गेल्या, आणि जुने पात्रमार्ग वर कोरडे राहिले. एकावर एक मजले. एकट्या क्लियरवॉटर गुहेचे जोडलेले मार्ग आजवर दोनशे किलोमीटरहून जास्त मोजले गेलेत. डियर केव्ह दोन किलोमीटरहून लांब आणि जागोजागी शंभर मीटरपेक्षा उंच. २००९ मध्ये व्हिएतनामची सोन डूंग गुहा मोजली जाईपर्यंत जगातला सगळ्यात मोठा गुहामार्ग हाच मानत. संध्याकाळी तिच्यातून लाखो वटवाघळं बाहेर पडतात. धुराच्या दोरीसारखी, वळसे घेत, अर्धा-पाऊण तास. माझा मित्र पहिली पाच मिनिटं व्हिडिओ घेत होता, मग त्याने फोन खिशात टाकला.

आता इतिहास. १८५८ साली ब्रुनेईत असलेला ब्रिटिश कॉन्सल स्पेन्सर सेंट जॉन मुलूवर चढायला निघाला. चुनखडकाच्या कड्यांनी त्याला अडवलं. या खडकात गुहा आणि बोगदे आहेत हे त्याने लिहून ठेवलं, शिखर मात्र राहिलं. पुढे १८९०च्या दशकात बारामचा प्रशासक चार्ल्स होज यानेही प्रयत्न केला, तोही अपयशी. साहेबांकडे होड्या, हमाल, बंदुका सगळं होतं. फक्त वाट नव्हती.

वाट सापडली १९२०च्या दशकात, तामा निलोंग नावाच्या बेरावान माणसाला. तो गेंड्यांचा शिकारी होता. गेंड्यांच्या मागे जंगलात हिंडताना त्याला शिखराकडे जाणारी नैर्ऋत्येची सोंड सापडली. १९३२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची मोहीम आली. त्यात एडवर्ड शॅकल्टन होता, अंटार्क्टिकावाल्या अर्नेस्ट शॅकल्टनचा मुलगा. तामा निलोंगने त्यांना त्या सोंडेवरून वर नेलं. मुलूचं पहिलं नोंदलेलं आरोहण ते. आजही शिखरावर जाणारे त्याच बाजूने चढतात.

या भागात 'तामा' म्हणजे बाप. पहिलं मूल झालं की माणसाला त्याच्या नावाने ओळखायचं. आपल्याकडे कसं, 'बंड्याचे बाबा'. म्हणजे ज्याने वाट दाखवली त्याचं नाव इतिहासात आहे खरं, पण ते निलोंगचा बाप म्हणून.

आणि तो गेंडा? मलेशियात आता तो उरलेला नाही. शिंगासाठी झालेली शिकार आणि जंगलतोड यांत तो संपला. देशातली शेवटची मादी, इमान, २०१९ साली साबा राज्यात बंदिवासात मेली. ज्या जनावराच्या मागे जाऊन शिखराची वाट सापडली, ते जनावर या जंगलातून गेलं आणि वाट राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांब होडीने मेलिनाऊ नदीतून वर गेलो आणि कुआला लितुतपासून कॅम्प ५ पर्यंत चाललो. अंतर ८.८ किलोमीटर, रस्ता सपाट, पण दमट हवेत शर्ट पहिल्या दहा मिनिटांत पिळून काढण्याजोगा झाला. जळवांची सवय आम्हाला पावसाळ्यातल्या ट्रेकमुळे होती, तरी मोज्यातून निघालेल्या सात मोजून मी गप्प झालो. कॅम्पच्या पलीकडे जी वाट लिंबांगकडे जाते तिला 'हेडहंटर्स ट्रेल' म्हणतात. जुन्या काळी कायान टोळ्या हल्ला करायला निघाल्या की होड्या जमिनीवरून ओढत याच बाजूने पलीकडच्या नदीत नेत, असं सांगतात. पर्यटकांना हे नाव फार आवडतं. टीशर्टवर चांगलं दिसतं.

कॅम्प ५ हे नाव मात्र टोळ्यांचं नाही. ते १९७७-७८ च्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेतलं आहे. राष्ट्रीय उद्यान १९७४ साली जाहीर झालं होतं, पण आत काय आहे याची नीट माहिती नव्हती. १९६१ मध्ये भूगर्भ सर्वेक्षणाच्या जी. ई. विल्फर्डने डियर केव्ह आणि आणखी एका गुहेचा काही भाग मोजला होता आणि इथे अजून पुष्कळ गुहा निघतील असं सांगून ठेवलं होतं. मग रॉबिन हॅनबरी-टेनिसन यांच्या नेतृत्वाखाली शंभरावर शास्त्रज्ञ पंधरा महिने इथे राहून काम करून गेले. उद्यानाच्या व्यवस्थापनाचा आराखडा त्यातून आला. सोबतच्या गुहातज्ज्ञांनी सुमारे पन्नास किलोमीटर गुहा मोजल्या.

त्या काळात जंगलात पेनान लोक भटकं आयुष्य जगत होते. न्यापुन नावाचा एक पेनान आपल्या कुटुंबासह मोहिमेच्या छावणीजवळ आला, हॅनबरी-टेनिसन यांचा मित्र झाला, त्यांच्याबरोबर जंगलात हिंडला. पेनान लोकांची स्वतःची 'डॉक्युमेंटेशन'ची पद्धत आहे. काठी रोवायची, तिला विशिष्ट पानं, काटक्या, खाचा लावायच्या. मागून येणाऱ्याला कळतं, कुठे गेलो, किती जण आहोत, भूक आहे की नाही, लवकर या की सावकाश. त्याला ते ओरो म्हणतात. आणि 'मोलोंग' म्हणजे साबुदाण्याच्या माडांचं बेट किंवा एखादं फळझाड आपलं म्हणून राखायचं, पण पुढच्यांना उरेल इतकंच घ्यायचं. हे सगळं ज्ञान होतंच. फक्त ते कागदावर नव्हतं, म्हणून नकाशात नव्हतं.

इथवर आल्यावर माझ्या डोक्यात गोष्ट सोपी झाली होती. साहेब आले, स्थानिकांनी दाखवलं, साहेबांनी नाव लावलं. आपल्याकडे अजिंठ्याचं तेच. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने लेणी 'शोधली' आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर चक्क आपलं नाव आणि तारीख कोरली. आसपासच्या माणसांना काय ती लेणी माहीत नव्हती?

तिसऱ्या दिवशी आम्ही पिनॅकल्सला गेलो. अंतर फक्त २.४ किलोमीटर, पण त्यात १,२०० मीटर चढ, आणि शेवटच्या चारशे मीटरमध्ये शिड्या आणि दोर. वर जंगलातून बाहेर आलेले चुनखडकाचे सुळे, पंचेचाळीस मीटरपर्यंत उंच, सुऱ्यासारखे. सेंट जॉन का परत फिरला ते हाताला पडलेल्या चिऱ्यांनी मला व्यवस्थित समजावलं. चौथा दिवस परतीत गेला.

पाचव्या दिवशी मात्र माझी सोपी गोष्ट बिघडली.

आम्ही लुबांग नासिब बागुसमध्ये गेलो. 'नासिब' म्हणजे आपलं नशीबच. चांगल्या नशिबाची गुहा. तीन तास जंगलातून चाल, मग गुहेत नदीच्या प्रवाहाविरुद्ध, दोर धरत. त्यानंतर एका जागी पाण्याचा आवाज मागे राहिला आणि माझ्या हेडटॉर्चचा उजेड कशालाच लागेना. समोर भिंत नाही, वर छत नाही. फक्त पायाखाली उतरते दगड. हे सारावाक चेंबर. सुमारे ७०० मीटर लांब, ४०० मीटर रुंद, आणि छताला मध्ये एकही खांब नाही. वीसेक फुटबॉलची मैदानं आत मावतील.

१९८० च्या मोहिमेत अँडी ईव्हिस, डेव्ह चेकली आणि टोनी व्हाइट हे तिघे इथे पोचले. हातात टेप, होकायंत्र, वही. ते एका भिंतीच्या कडेकडेने मोजत निघाले. समोरची भिंत आता येईल, मग येईल, असं करत ती येतच नव्हती. शेवटी त्यांनी भिंत सोडली आणि होकायंत्र लावून अंधारातून सरळ आडवे निघाले. आपण कशात उभे आहोत हे त्यांना डोळ्यांनी कळलंच नाही. ते कळलं आकडे कागदावर उतरल्यावर. २०११ मध्ये लेझरने पुन्हा मोजमाप झालं. चीनमधलं मियाओ दालन घनफळात याहून मोठं निघालं, क्षेत्रफळात मात्र सारावाक चेंबरच पहिलं.

बाहेर आल्यावर मी अंकलना विचारलं, तुमच्या आजोबांना हे दालन माहीत होतं का? ते म्हणाले, "नाही. तोंडाशी यायचे. इतक्या आत कशाला येतील? इथे खायला काय आहे?"

म्हणजे दोन्ही खरं होतं. शिखराची वाट शिकाऱ्याची होती आणि अंधारातला नकाशा त्या तिघांचा होता. मोजणं हेही खरं काम आहे. ते तिघे आपलं नाव खांबावर कोरून गेले नाहीत, मागून येणाऱ्याला वापरता येईल असा नकाशा देऊन गेले. या अर्थाने तो नकाशा पेनानांच्या काठीच्या जास्त जवळचा आहे, जॉन स्मिथच्या सहीपासून लांब.

पण नकाशा काढणाऱ्याच्या हातात एक जास्तीची ताकद येते, ती रेघ मारण्याची. उद्यानाच्या रेघेच्या आत, सुमारे ५२९ चौरस किलोमीटरमध्ये, जंगल राहिलं. २००० साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रेघेबाहेर १९८०च्या दशकात लाकूडतोड इतकी वाढली की १९८७ मध्ये पेनान लोकांनी जंगलातले रस्ते स्वतः उभं राहून अडवले. बरेच पेनान वस्त्या करून स्थिरावले. काही वस्त्यांना उद्यानात पारंपरिक शिकारीचा हक्क आहे, पण तो हक्क आता 'दिलेला' हक्क आहे. ज्यांच्या काठ्यांवर हे जंगल लिहिलेलं होतं, त्यांना रेघ मारायच्या वेळी पेन्सिल मिळाली नाही. श्रेयाचा प्रश्न मला तिथे महत्त्वाचा वाटतो. नाव कुणाचं लागलं यावरून पुढे कुणाला विचारायचं हे ठरतं.

आमच्या धंद्यात प्रत्येक ओळीवर नाव असतं. गिटमध्ये एक कमांड दिली की कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते दिसतं. मागच्या वर्षी एका मोठ्या बगवर मी केलेल्या दुरुस्तीचं टीममध्ये कौतुक झालं. खरं तर तो बग कुठल्या परिस्थितीत येतो हे सपोर्टच्या एका मुलीने तीन आठवडे कॉल घेत घेत शोधून काढलं होतं. मी लिहिल्या त्या चार ओळी. तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि नंतर त्या भागाची नवी रचना ठरवायची मीटिंग झाली तेव्हा तिला बोलावलंही नाही. मी त्या मीटिंगमध्ये होतो.

परत आल्यावर सोमवारी मी ते जुनं तिकीट उघडलं आणि तिने काय शोधलं होतं ते तिच्या नावासकट लिहिलं. तिला मेसेज केला की पुढच्या मीटिंगला ये. तिचं उत्तर आलं, "आत्ता आठवलं?"

मी हो म्हटलं.