डिस्क-संच आणि नष्ट माहितीची पुनःप्राप्ती : एका गृहीतकाचा इतिहास

एखादी युक्ती सर्वमान्य झाली म्हणजे तिच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाचा सहसा विसर पडतो. अनेक डिस्क एकत्र बांधून, त्यांपैकी एक निकामी झाली तरी माहिती अबाधित राखण्याची जी पद्धती ‘रेड’ या नावाने ओळखली जाते, तिचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली रॅमॅक यंत्राबरोबर आणलेल्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. पुढील तीन दशके मोठ्या यंत्रांना मोठी व महागडी डिस्क हीच परंपरा राहिली. याच कंपनीतील नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये निकामी स्मृतिघटकातील माहिती उरलेल्या घटकांवरून परत मिळविण्याच्या योजनेचे पेटंट मिळाले. तथापि या विचारास सिद्धान्ताचे रूप आले ते १९८८ मध्ये, बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांच्या निबंधाने.

या निबंधातील हिशोब मार्मिक आहे. एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कांच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, संभवतो. यावर उपाय जादा अंकांचा. तीन डिस्कांवर एकाच स्थानी १, ० व १ असे अंक असतील, तर एकांची संख्या सम राहील असा ० हा अंक चौथीवर लिहावयाचा. तिघींपैकी कोणतीही एक गेली, तरी उरलेल्या अंकांवरून गेलेला अंक निघतो. दोन गेल्या तर मात्र इलाज नाही; एका समीकरणातून दोन अज्ञाते निघत नाहीत.

डिस्कांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे या हिशोबाचे गृहीतक होय. ते गृहीत असल्याचे लेखकांनी स्पष्ट नमूद केले होते. पुढे हीच पद्धती घरगुती संचांत आली. तेथे चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीत व एकाच उष्णतेत चालणाऱ्या असतात. २००७ साली बियांका श्रोडर व स्वतः गिब्सन यांनी सुमारे एक लक्ष डिस्कांच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या आकड्यांवरून वार्षिक प्रमाण फार तर ०.८८ टक्के निघत असता, प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचे प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के आढळले. शिवाय बिघाड परस्परसंबद्ध असल्याचेही दिसून आले. सिद्धान्ताच्या एका जनकानेच त्याच्या गृहीतकाची मर्यादा दाखविली, ही विद्याव्यवहारातील प्रामाणिकपणाची स्मरणीय घटना होय.

घरगुती संच कोसळतो तो बहुधा याच रीतीने. एक डिस्क गळते व ते कोणाच्या ध्यानी येत नाही. काही महिन्यांनी दुसरी, थोडीशीच खराब झालेली, बाहेर पडते. अशा वेळी उतावळेपणाने संच नव्याने बांधल्यास उरलेली माहितीही पुसली जाण्याचा धोका असतो. शहाणपणाचा क्रम पोथ्यांच्या पाठचिकित्सेसारखा आहे. प्रथम मूळ प्रतीस धक्का न लावता प्रत्येक डिस्कची नक्कल करावयाची. डीडीरेस्क्यू हे साधन सुस्थितीतील भाग आधी वाचून घेते व दुखऱ्या भागाकडे मागाहून वळते. नंतर साक्षीदारांची पारख. लिनक्सवरील संचात प्रत्येक डिस्कवर घटनांचा क्रमांक नोंदलेला असतो. ज्या डिस्कचा क्रमांक फार मागे राहिला, ती पूर्वीच गळलेली, म्हणून तिची साक्ष त्याज्य. नुकत्याच बाहेर पडलेल्या डिस्कची नक्कल घेऊन, मूळ क्रमाने व केवळ वाचनापुरता संच जुळविल्यास बहुतांश माहिती हाती येऊ शकते.

यावरून एक निष्कर्ष निघतो. डिस्क-संच यंत्राचे काम खंडित होऊ देत नाही. परंतु चुकून पुसलेली माहिती तो तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कांवर पुसतो. म्हणून तो स्वतंत्र प्रतीची जागा घेऊ शकत नाही. कौटुंबिक पत्रे, छायाचित्रे व हिशोब आज अशा पेट्यांत साठत आहेत. उद्याच्या इतिहासकाराची ती साधने होत, आणि ती टिकणे हे संचाच्या रचनेइतकेच दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या एका साध्या प्रतीवर अवलंबून आहे.