शिकारी बंदूक : गंज व त्याचे निवारण

शिकारी बंदुकीच्या पोलादी भागांवर चढणारा तांबूस थर हे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड असते. लोखंड, ऑक्सिजन व ओलावा एकत्र आले की ते तयार होते. सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंज चढण्याचा वेग बराच वाढतो. हाताच्या घामातले आणि खाऱ्या हवेतले मीठ त्याला हातभार लावते. बाहेरचा गंज दिसतो आणि पुसला जातो. बंदूक निकामी होते ती बहुधा नळीच्या आतल्या गंजाने.

बाराचे अवशेष : ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे सुमारे 75 टक्के शोरा, 15 टक्के कोळसा व 10 टक्के गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून न धुतलेली नळी दमट दिवसांत एका रात्रीत तांबडी होते. बिनधुराच्या दारूने हा त्रास कमी झाला, संपला नाही. काडतुसाच्या टोपीत दीर्घकाळ पोटॅशियम क्लोरेट वापरीत. त्यापासून पोटॅशियम क्लोराइड बनते. ते वागण्यात खाण्याच्या मिठासारखेच. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. अशा नळीत नुसते तेल घातले तर क्षार तेलाखाली तसेच राहतात व गंज चालू राहतो. .303 रायफलीत बार काढल्यावर सैनिक नळीतून उकळते पाणी ओतत, ते याचसाठी. गरम पाण्याने नळी तापते व लवकर सुकते, हा आणखी एक फायदा. 1920 च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ‘क्लीनबोअर’ नावाने क्लोरेटविरहित टोपीची काडतुसे बाजारात आणली. आज लेड स्टिफ्नेटच्या टोप्या सर्रास आढळतात. जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांचा मात्र भरवसा धरीत नाहीत.

गंज काढणे : बंदूक रिकामी असल्याची खात्री हे पहिले काम. पातळ तेल लावून गंज काही तास मुरू देतात, मग अतिबारीक पोलादी लोकर किंवा पितळी ब्रशने हलक्या हाताने घासतात. काडतुसाच्या बंदुकीत गज शक्यतो मागच्या बाजूने घालतात, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. सँडपेपर, लिंबू व व्हिनेगर टाळावे; आम्लाने गंजाबरोबर नळीवरचा काळा-निळा थरही जातो. गंज निघाला तरी त्याने खाल्लेले पोलाद परत येत नाही. नळीत खोल खड्डे दिसल्यास ती परवानाधारक कारागिराला दाखवल्याखेरीज बार काढू नये.

हा काळा-निळा थर म्हणजेही गंजच, पण आवरलेला. जुन्या पद्धतीत नळीवर मुद्दाम तांबडा गंज चढवून ती पाण्यात उकळतात. तांबडे ऑक्साइड काळे मॅग्नेटाइट होते. सैल भुकटी ब्रशने झाडून हीच क्रिया पुनःपुन्हा करतात. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाची रीत झटपट होते. परंतु दुनळीच्या पट्ट्या मऊ डाखाने जोडलेल्या असल्यास तो डाख त्या द्रावणात विरघळतो. पट्टी सुटली की तिच्याखाली पाणी शिरून गंज नजरेआड वाढतो. सुट्या केलेल्या नळ्या आकड्याला टांगून हलकेच टिचकी मारल्यास स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आला तर पट्टीविषयी शंका घेतात.

साठवण : पातळ तेलाचा थर, कोरडे कपाट व सिलिका जेल. चामडी किंवा कॅनव्हासचा गलेफ ओल धरून ठेवतो, म्हणून त्यात बंदूक कायम ठेवत नाहीत. पाणी हुसकावणारे फवारे भिजलेल्या बंदुकीला उपयोगी पडतात. महिनोन्महिने ते पुरतात का, यावर मतभेद आहेत. नळीत जाड ग्रीस ठेवले असल्यास बार काढण्यापूर्वी ते पूर्ण पुसावे लागते, नाहीतर नळीतला दाब धोकादायक वाढू शकतो.

दस्ता : लाकडाला जवसाचे तेल.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे हौशी शिकार बंद झाली. शस्त्र अधिनियम, 1959 मात्र खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करतो. कोकणात अशा बंदुका घरोघरच्या माळ्यांवर नव्हे, तर पावसाळ्यात वारा खेळेल अशा कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवणे योग्य. दुरुस्तीचा धंदा करायलाही याच अधिनियमाखाली परवाना लागतो.