लाल सैन्याची तयारी : कारखाने उभे राहिले, तोंडे बंद झाली

२२ जून १९४१ च्या पहाटे हिटलरच्या फौजा सोव्हिएत संघावर तुटून पडल्या. त्या दिवशी लाल सैन्याकडे जर्मनीपेक्षा कितीतरी अधिक रणगाडे होते. तरीही वर्ष संपेपर्यंत सुमारे तीस लाख सोव्हिएत सैनिक कैद झाले आणि शत्रू मॉस्कोच्या वेशीवर येऊन ठेपला. असे का झाले?

याची दोन तयार उत्तरे आम्ही नेहमी ऐकतो. कम्युनिस्ट मित्र म्हणतात, हल्ला अचानक झाला. त्यांचे विरोधक म्हणतात, समाजवाद मुळातच निकामी. आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. समाजवाद निकामी असता तर चारच वर्षांत बर्लिनवर लाल झेंडा कसा फडकला? आणि हल्ल्याच्या सूचना तर महिनोन्महिने येत होत्या. म्हणून प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला पाहिजे. विचारसरणीने या तयारीला काय दिले आणि तिच्यातून काय काढून घेतले?

आधी काय दिले ते पाहू. भांडवलशाही राष्ट्रे कामगारांचे राज्य सुखाने जगू देणार नाहीत, युद्ध होणारच, हा बोल्शेविकांचा सिद्धांत होता. १९१८ नंतर ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान या देशांनी रशियात खरोखरच फौजा उतरवल्या होत्या. त्यामुळे ही भीती निव्वळ पुस्तकी नव्हती. आपण प्रगत देशांच्या पन्नास ते शंभर वर्षे मागे आहोत, हे अंतर दहा वर्षांत तोडले नाही तर ते आपल्याला चिरडतील, असे स्टालिन यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये सांगितले. १९२८ पासूनच्या पंचवार्षिक योजनांतून मॅग्निटोगोर्स्कचा पोलाद कारखाना उभा राहिला. स्टालिनग्राड, खारकोव्ह, चेल्याबिन्स्क इथे ट्रॅक्टरचे कारखाने झाले. वेळ येताच याच कारखान्यांतून रणगाडे बाहेर पडू लागले. नियोजनाची ही ताकद नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण याची किंमत कोणी मोजली? शेतकऱ्याने. यंत्रे विकत घेण्यासाठी धान्य निर्यात होत राहिले आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत लाखो माणसे भुकेने मेली. विरोध करणाऱ्यावर ‘कुलक’ असा शिक्का बसला. एकदा शिक्का बसला की त्या माणसाचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणी तपासत नव्हते.

हाच शिक्का पुढे सैन्यावर बसला. मार्शल तुखाचेव्हस्की हे यांत्रिक युद्धाचा विचार करणारे मोठे सेनानी. जून १९३७ मध्ये ‘जर्मनीचे हेर’ ठरवून त्यांना गोळी घालण्यात आली. दोन वर्षांच्या आत त्यांच्यासह पाच मार्शलांपैकी तिघे संपवले गेले. हजारो अधिकारी मारले गेले, तुरुंगात गेले किंवा बडतर्फ झाले. उरलेल्यांवर राजकीय कमिसारांचा पहारा आला. सेनापतीच्या हुकमावर कमिसारची सही लागू लागली. युद्ध झालेच तर ते शत्रूच्या भूमीवर आणि थोड्या रक्तात जिंकू, हे अधिकृत धोरण झाले. मग माघारीचा, बचावाचा विचार करणारा आपोआप ‘पराभववादी’ ठरू लागला. आक्रमकाच्या पिछाडीला लढण्यासाठी आधी तयार केलेले गनिमी तळही मोडून टाकले गेले.

नोव्हेंबर १९३९ मध्ये फिनलंडवर हल्ला झाला. तिथले कामगार लाल सैन्याचे स्वागत करतील, हा हिशोब होता. कुसिनेन यांच्या नेतृत्वाखाली ‘जनतेचे सरकार’ही जाहीर करून टाकले. पण फिनिश कामगार आपल्याच सैन्यात उभा राहून लढला. साडेतीन महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास सोव्हिएत सैनिक मेले. पुस्तकातला कामगार आणि रक्तामांसाचा कामगार यांतले अंतर असे मोजावे लागले.

यातून काही शिकले गेले. ऑगस्ट १९४० मध्ये कमिसारांची दुहेरी सत्ता रद्द झाली, तुरुंगातले काही अधिकारी परत आणले गेले. पण मूळ रोग तसाच राहिला. १९४१ च्या वसंतात चर्चिल यांनी इशारा दिला, तर तो भांडवलदारांचा सापळा मानला गेला. टोकियोहून सोर्गे या स्वतः कम्युनिस्ट असलेल्या हेराने इशारे दिले, तेही संशयात गेले. लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या आधीच्या अनेक प्रमुखांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. नव्या प्रमुखाने नेत्याला न आवडणारी बातमी ठामपणे कशी सांगावी? हल्ल्याच्या आठ दिवस आधी, १४ जूनला, सरकारी वृत्तसंस्थेने युद्धाच्या बातम्या या अफवा असल्याचे जाहीर केले.

पुढे देश वाचला तो जनतेच्या अफाट त्यागामुळे. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने उचलून पूर्वेकडे नेण्यात आले. तिथे नियोजन कामी आले, हे मान्य केलेच पाहिजे. पण १९४२ च्या शरदात कमिसारांची सत्ता पुन्हा काढून सेनापतींना मोकळीक द्यावी लागली. १९३७ मध्ये अटक झालेले रोकोसोव्हस्की स्टालिनग्राडचे विजयी सेनानी ठरले. कालचा ‘देशद्रोही’ आज देश वाचवत होता!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते, की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे त्यांनी भारताला उद्देशून सांगितले. सोव्हिएत इतिहास मात्र त्याचा रक्ताने लिहिलेला पुरावा आहे.

म्हणून हा लेख केवळ कम्युनिस्टांसाठी नाही. आपल्या संघटनेत बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला आपण काय म्हणतो? ‘दलाल’, ‘विरोधकांचा हस्तक’. त्याचा प्रश्न खरा आहे का, हे आपण तपासतो का? विचारसरणी हवीच, तिच्याशिवाय लढाई उभी राहत नाही. पण वाईट बातमी आणणाऱ्याचे तोंड बंद करणारी संघटना, तिच्याकडे कितीही बळ असले तरी, आपल्या २२ जूनची वाट पाहत असते.

जय भीम!